काटा कुठे असतो, ते आधी पाहा

चाळीसगावात मासा घेतला की विकणाऱ्या मावशी किंवा भाऊ एवढंच विचारतात, "तुकडे लहान करू का मोठे?" मग कोयता चालतो. खवले, कल्ले, पोट, आणि शेवटी कण्यासकट आडवे तुकडे. काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी याहून चांगली पद्धत नाही. हाडाचा रस रश्श्यात उतरतो आणि तुकडा फुटत नाही. पण घरात लहान मूल असलं किंवा दात गेलेलं म्हातारं माणूस असलं, की तेच जेवण "हयू खाय, काटा लागी जाई" असं म्हणत पार पडतं. अशा घरानं माशाचे फिले काढायला शिकावं. फिले म्हणजे कण्यापासून लांबीच्या दिशेनं सोडवलेलं सलग मांस. काम फार अवघड नाही. मात्र मोबाइलवरचा व्हिडिओ बघून कुणी रोहूवर सुरी चालवली की हमखास फजिती होते. व्हिडिओत असतो सामन नाहीतर सुरमई, आणि आपल्या पिशवीत असतो रोहू.

मुंबईचा समुद्र इथून रेल्वेनं सव्वातीनशे किलोमीटर. बर्फातली सुरमई, बांगडा येतो, पण आपला रोजचा मासा धरणातला आणि तळ्यातला. गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी जामद्याच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी खाली येतं, आणि आपल्या तालुक्यात मन्याड धरण आहेच. अशा जलाशयांत आणि तळ्यांत बोटुकली सोडतात ती मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ यांची. हे तिघेही मूळचे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. साठवलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचं प्रजनन करून दाखवलं. त्यानंतर यांचं बीज हवं तेवढं मिळू लागलं आणि देशभरच्या धरणांत पोचलं. राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच तारखेला असतो. मासा स्वस्त झाला, मुबलक झाला. काटे मात्र त्याच्याबरोबरच आले.

हे काटे नेमके कुठे असतात, ते कळलं की अर्धं काम झालं. रोहू-कटल्याच्या अंगात दोन प्रकारची हाडं असतात. एक कणा आणि त्याला जोडलेल्या बरगड्या. या दिसतात, हाताला लागतात आणि सुरीनं सुटतात. दुसरे म्हणजे मांसात सुटे रुतलेले बारीक काटे, टोकाला दोन फाटे फुटलेले. ते कण्याला पक्के जोडलेले नसतात, म्हणून कणा काढला तरी मांसातच राहतात. घशात अडकतात ते हेच. कण्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाठीच्या मांसात, ते डोक्यापासून शेपटापर्यंत ओळीनं असतात. खालच्या बाजूला ते फक्त शेपटाकडच्या भागात असतात, गुदद्वाराच्या मागे. याचा अर्थ असा, की कण्याच्या खाली आणि गुदद्वाराच्या पुढे, म्हणजे पोटाच्या भागात, बरगड्या सोडल्या तर दुसरा काटा नाही. कटल्याच्या पोटाच्या तुकड्यावर घरात आधी हात पडतो, त्याला चरबी हे एक कारण आणि हे दुसरं.

मरळ, चिलापी आणि पंगस यांच्या अंगात असे सुटे काटे जवळजवळ नसतातच. म्हणून शिकायला सुरुवात करायची ती चिलापीपासून. तिला बाजारात तिलापिया असंही म्हणतात. ही मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली. पुढे ती इतकी माजली की जलाशयांतल्या आपल्या माशांना जागा उरेना. पाण्यासाठी ती डोकेदुखी असेल, पण नवशिक्या हातासाठी तिच्यासारखा मासा नाही. स्वस्त आहे, त्यामुळे दोन-चार बिघडल्या तरी जीव तुटत नाही. अर्ध्या किलोपेक्षा लहान घेऊ नका, कारण तिच्यातून मांस फार निघत नाही. एक किलो चिलापीतून कातडी काढलेलं शुद्ध मांस साधारण तिसरा हिस्सा निघतं. हा हिशेब आधीच मनात धरा, नाहीतर एवढ्याशा चार फोडी बघून घरचे विचारतील, बाकीचा मासा गेला कुठे?

घेताना सांगायचं ते स्पष्ट सांगा: "भाऊ, खवले काढा, पोट साफ करा, कल्ले काढा. डोकं राहू द्या, तुकडे करू नका." डोकं महत्त्वाचं, कारण सुरी चालवताना डाव्या हाताला धरायला तेवढीच जागा असते. मरळ जिवंत मिळते, कारण ती वरची हवा घेऊन बादलीतही टिकते. ती तिथेच मारून घ्या. घरी धडपडणाऱ्या मरळीशी झुंजण्यात शहाणपण नाही. आणि ताज्या मारलेल्या मरळीवर लगेच सुरी लावू नका. मांस आखडतं, आक्रसतं आणि फाटतं. बर्फात ठेवा, आखडलेपण उतरून अंग सैल पडू द्या आणि मग कापा. बाकी माशांनाही कापण्याआधी तासभर बर्फ दिला की मांस घट्ट होतं आणि सुरी सरळ जाते.

आता हत्यारं. पायाखाली धरायची विळी खवले काढायला, पोट फाडायला, तुकडे करायला उत्तम. फिलेसाठी मात्र ती नडते. तिचं पातं उभं आणि ताठ, तर इथे पातं कण्यावर आडवं झोपून, वाकत-वाकत जायला हवं. म्हणून सहा-सात इंच लांब, अरुंद, पातळ आणि थोडं लवचिक पातं असलेली सुरी घ्या. फिनलंडमधल्या रोव्हानिएमीच्या मार्तीनी कारखान्यात १९२८पासून सुऱ्या बनतात, त्यांतल्या फिलेच्या सुऱ्या अशाच लवचिक असतात. जपानी स्वयंपाकी मात्र माशावर 'देबा' नावाची जाड, जड सुरी चालवतात. ती डोकं तोडायलाही चालते, पण तिचा हात बसायला बरीच सवय लागते. आपल्या घरात दोन कामांना दोन हत्यारं ठेवणं सोपं: डोकं आणि कणा तोडायला कोयता किंवा जड सुरी, मांस सोडवायला पातळ सुरी. नवी घ्यायची नसेल तर धार लावून-लावून पातं झिजलेली जुनी सुरी शोधा. सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडून तिला धार लावून घ्या, पण चाकावर फार घासू देऊ नका. शेवटचा हात घरच्या धारेच्या दगडावर, पाणी लावून. पिकल्या टोमॅटोच्या सालीवर सुरी दाब न देता उतरली म्हणजे धार झाली. बोथट सुरी घसरते, आणि हात कापण्याची वेळ बहुतेक तेव्हाच येते.

बाकी सामान घरात असतंच. जाड लाकडी पाट, त्याच्याखाली ओलं फडकं, म्हणजे पाट सरकत नाही. एक सुकं सुती फडकं, मासा धरायला. जाडं मीठ किंवा चुलीची राख, मरळीचा आणि पंगसाचा बुळबुळीतपणा घालवायला. आणि दोन चिमटे: काटे उपटायला भुवयांचा बारीक चिमटा आणि जाड काट्यांसाठी पक्कड. खवले घरीच काढायचे असतील तर सुरीच्या पाठीनं किंवा स्टीलच्या चमच्यानं, शेपटाकडून डोक्याकडे. परातीत पाणी घेऊन त्यात मासा धरला की खवले भिंतीवर उडत नाहीत.

चिलापी पाटावर आडवी ठेवा, पाठ तुमच्याकडे. कल्ल्याच्या झाकणामागे लगेच एक पर असतो. तो डाव्या हातानं उचला आणि त्याच्या मागून तिरकी सुरी घाला, डोक्याच्या वरच्या टोकापासून पोटाकडे. कण्याला सुरी टेकली की थांबा, कणा तोडायचा नाही. आता पाठीवरच्या काटेरी पराच्या अगदी कडेनं, डोक्यापासून शेपटापर्यंत एक उथळ चीर द्या, जेमतेम सेंटिमीटरभर खोल. याच चिरेतून पुन्हा सुरी घाला, पण या वेळी पातं आडवं करून, हाडावर टेकवून, लांब आणि हलक्या हातानं. करवत चालवल्यासारखं मागे-पुढे करू नका. पातं हाडावरून जाताना कटकट असा बारीक आवाज येतो आणि तो ऐकायचा असतो. आवाज थांबला म्हणजे सुरी मांसात शिरली आणि तेवढं मांस कण्यावर राहिलं. डाव्या हाताच्या अंगठ्यानं सुटलेलं मांस वर उचलत चला, म्हणजे सुरी कुठे आहे ते दिसतं. कण्याच्या मधल्या उंचवट्यावरून पातं पलीकडे उतरलं की पुढच्या बाजूला बरगड्या लागतात. त्यांच्यावरून पातं वळवत न्या. हात बसला नसेल तर बरगड्या सरळ कापून फिलेबरोबर घ्या आणि नंतर सुरी त्यांच्याखाली सरकवून पातळ पदरासारख्या काढून टाका. शेपटाकडे मांस आपोआप सुटतं. मासा उलटा आणि दुसरी बाजू तशीच करा. दुसरी बाजू पहिलीपेक्षा अवघड जाते, कारण खालचा आधार गेलेला असतो. म्हणून पाटाखालच्या फडक्यासारखंच एक फडकं घडी करून माशाखाली ठेवा.

कातडी काढताना बहुतेकांचा गोंधळ होतो तो सुरी हलवण्यामुळे. फिले कातडी खाली करून पाटाच्या कडेला ठेवा. शेपटाकडच्या टोकाला मांसात कातडीपर्यंत चीर द्या, कातडीचं टोक मीठ लावलेल्या बोटांनी किंवा फडक्यात घट्ट धरा. आता पातं कातडीवर जवळजवळ आडवं टेकवून स्थिर धरा आणि कातडी आपल्याकडे ओढा, किंचित डावी-उजवी करत. सुरी जागेवरच राहते, कातडी येते. मग फिलेच्या मध्यावरून, डोक्याकडच्या भागावर बोट फिरवा. चिलापीच्या मध्यरेषेला पुढच्या भागात काट्यांची एक छोटी रांग लागते. ते चिमट्यानं उपटा, डोक्याच्या दिशेनं, म्हणजे मांस फाटत नाही. किंवा दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देऊन ती अरुंद पट्टीच काढून टाका. मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो. थोडं मांस जातं, पण मुलाच्या ताटात शंका राहत नाही.

मरळीचं अंग गोल आणि कातडी जाड, त्यामुळे तिची पद्धत वेगळी. डोक्यामागे सगळीकडून कातडीपुरती गोल चीर द्या, राखेनं हात कोरडे करा आणि पक्कडीत कातडी धरून शेपटाकडे ओढा. पायातला मोजा उलटा काढावा तशी ती निघते. मग पाठीच्या लांब पराच्या दोन्ही कडांनी सुरी घालून दोन फिले. मरळीचं मांस पांढरं, घट्ट, तळताना न फुटणारं. किमतीला महाग, पण पाहुण्यांसाठी बोनलेस करायचा असेल तर हाच मासा.

पंगस सुरीला सगळ्यात सोपा. दुकानात गोठवलेला 'बासा' म्हणून जो मिळतो, तो बहुतेक वेळा हाच असतो. त्याच्या कातडीखालचा लालसर थर आणि पोटाकडची पिवळी चरबी तेवढी कापून टाका. वास तिथेच असतो. शिंगाळा किंवा दुसरा मिशीवाला मासा आणला तर आधी पक्कडीनं त्याच्या छातीचे आणि पाठीचे जाड काटे मुळापासून तोडा आणि मगच हातात घ्या. ते टोचले की भयंकर ठणकतं. टोचलंच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, आराम पडतो. आणि मिशीवाला मासा घेताना थाई मांगूर नाही ना, ते विचारा. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. वामीच्या वाट्याला फिले म्हणून जाऊच नका, तिचे तुकडेच चांगले.

आता रोहू-कटल्याकडे येऊ, कारण घरी शेवटी येतात तेच. पहिली अट, मोठा मासा. अडीच-तीन किलोच्या कटल्यात काटेही मोठे असतात, म्हणून हाताला लागतात. अर्ध्या-पाऊण किलोच्या रोहूला फिलेसाठी हात लावू नये, तो रश्श्यातच शोभतो. फिले काढायची रीत चिलापीचीच, फक्त सुरीला जोर जास्त लागतो. बाजू सुटली की तिच्या मध्यरेषेवरून लांबीनं दोन भाग करा, वरची पाठ आणि खालचं पोट. पोटाच्या पुढच्या भागातल्या बरगड्या सुरीनं सोडवा. झाला तो भाग बोनलेस. मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या ताटासाठी एवढाच बाजूला काढा आणि निश्चिंत व्हा.

पाठीचं आणि शेपटाकडचं मांस उरतं, काट्यांसकट. ते उपटत बसाल तर मांसाचा भुगा होईल. इथे हंगेरीकडून शिकण्यासारखं आहे. त्या देशालाही समुद्र नाही, आणि तिथेही रोजचा मासा कार्प, रोहूच्याच कुळातला, तसाच काटेरी. तिथे काटे काढत नाहीत, कापतात. फिले कातडी खाली करून ठेवायचा आणि तीन-तीन मिलिमीटरच्या अंतरानं आडव्या चिरा द्यायच्या, मांसातून थेट कातडीपर्यंत, पण कातडी न कापता. तिथले मासेवाले गिऱ्हाइकाला हे करून देतात, त्यासाठी यंत्रंही आहेत. आपल्याला धारदार सुरी पुरते. पातं काटे कापत जातं तेव्हा करकर असा आवाज येतो. तो आला नाही तर चीर वरवर झाली असं समजा. कातडी शाबूत असल्यानं तुकडा एकसंध राहतो. चिरांमध्ये हळद, मीठ, लसूण-मिरचीचं वाटण चोळा, वरून तांदळाचं किंवा ज्वारीचं पीठ लावा आणि चांगल्या तापलेल्या, भरपूर तेलात तळा. दोन-तीन मिलिमीटरचे झालेले काटे तळून कुरकुरीत होतात आणि दाताखाली जाणवतही नाहीत. तव्यावर थोड्या तेलात शॅलो फ्राय केलं तर हे होत नाही. तेलाला काटकसर करायची असेल तर ही पद्धत सोडून द्या.

लिंबू किंवा चिंच लावून तासभर ठेवलं की काटे विरघळतात, असं सांगणारे बरेच भेटतात. तसं होत नाही. आंबटानं मांस पांढरं पडतं आणि वास कमी होतो, काटा जसाच्या तसा राहतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांनीही रोहूचा काटा मऊ होत नाही, मांस मात्र विरून जातं आणि काटे सुटे होऊन अधिकच धोक्याचे होतात. आंबटाचा खरा उपयोग चिखलाच्या वासासाठी. धरणाच्या, तळ्याच्या माशाला कधी-कधी तो येतो. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांपासून तयार होणाऱ्या जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे तो असतो. कातडी, तिच्याखालचा गडद लाल पट्टा आणि पोटाची चरबी काढली की तो निम्म्यावर येतो. उरलेल्यासाठी ताकात किंवा लिंबाच्या पाण्यात अर्धा तास.

पोट घरी साफ करणार असाल तर काळजाला चिकटलेली हिरवी पिशवी, पित्ताची, फुटू देऊ नका. फुटली तर तेवढं मांस लगेच धुऊन, कडू लागलेलं कापून टाका. आणि ती औषधी म्हणून कुणी कच्ची गिळायला सांगितली तर अजिबात ऐकू नका. रोहूचं पित्त गिळून मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या केसेस आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी मादीत गाबोळी मिळते. ती वेगळी काढा, पातळ पदराला धक्का न लावता.

उरलेलं डोकं, कणा आणि बरगड्या म्हणजे रश्श्याची सोय. कल्ले राहिले असतील तर काढा, घशातलं दात्यांचं हाडही काढून टाका. हाडं थंड पाण्यात घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, फार उकळू नका, पाणी गढूळ होतं. गाळून घ्या. भाजलेला कांदा, खोबरं, लसूण आणि काळा मसाला यांच्या वाटणात हेच पाणी घातलं की रस्सा नेहमीसारखाच होतो, फक्त त्यात काटा नसतो. आयत्या वेळी फिलेचे तुकडे सोडायचे आणि पाच-सात मिनिटांत गॅस बंद. खवले आणि आतडी मोरीत टाकू नका. परसात फूटभर खोल पुरली तर कुत्री उकरत नाहीत आणि लिंबाच्या झाडाला खत होतं.

एवढी काळजी घेऊनही कधी काटा घशात रुतलाच, तर कोरड्या भाकरीचा गोळा किंवा केळं गिळून तो खाली ढकलायचा प्रयत्न करू नका. त्यानं तो आणखी खोल जातो. दोन घोट पाणी घ्या, थोडा वेळ थांबा, टोचणं गेलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तिथे तो चिमट्यानं काही मिनिटांत निघू शकतो.

फिले जास्त झाले तर पाण्यात बुडवून ठेवू नका, चव धुऊन जाते. फडक्यानं कोरडे करा, एकेक सुटा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि पिशवीवर तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. मरळ, चिलापी महिनाभर चांगली राहते. कटल्याचं पोट चरबीचं, ते लवकर खवट होतं, दोन आठवड्यांत संपवा. चिरा दिलेली पाठ मात्र फ्रीझरला देऊ नका. चिरांमधून पाणी सुटतं आणि तळताना तेल उडतं. ती त्याच दिवशी तळायची.